लग्नपत्रिकेचा खर्च नेमका कुठे वाचतो

पत्रिका छापायला आलेल्या घरातून पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच येतो, "स्वस्तातलं काय आहे?" मग कॅटलॉग उघडले जातात आणि बारा रुपयांचं कार्ड घ्यायचं की अठरा रुपयांचं यावर अर्धा तास जातो. आम्ही डीटीपी (संगणकावर मजकूर मांडण्याचं काम) आणि छपाईच्या बाजूला बसणारी माणसं. आमचा अनुभव असा, की कार्डाच्या दरात घासाघीस करून फारसं काही हाती लागत नाही. पैसे वाचतात किंवा जातात ते संख्येत, मापात, एका पाकिटात किती सुटे कागद घालायचे त्यात आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, कोणी वाचलं त्यात. यातल्या बऱ्याच गोष्टी दुकानाची पायरी चढण्याआधी घरीच ठरतात. म्हणून काम ज्या क्रमाने होतं त्याच क्रमाने सांगतो.

सुरुवात यादीपासून. यादी माणसांची करू नका, घरांची करा. एका चुलीला एक पत्रिका, हा जुना हिशोब आजही बरोबर आहे. एकाच वाड्यात राहणाऱ्या पण वेगळी चूल असलेल्या दोन भावांना दोन पत्रिका गेल्याच पाहिजेत. तिथे एक वाचवली तर मन दुखावतं. पण आई-वडील आणि त्यांच्याच घरात राहणारी नोकरदार मुलं यांना वेगवेगळ्या पत्रिका लागत नाहीत, पाकिटावर "सहकुटुंब, सहपरिवार" लिहिलं की काम होतं. यादीत पाच रकाने ठेवा: नाव, गाव, मोबाईल, पत्रिका कशी द्यायची आणि कोण देणार. शेवटचे दोन रकाने भरले की खरा आकडा समोर येतो. समजा यादीत ३५० नावं आहेत. घरं मोजली तर ती २१० होतात. त्यातली ७० घरं अशी निघतात, की त्यांना फोन आणि व्हॉट्सॲपवरचं निमंत्रण पुरेसं आणि सोयीचंही आहे: ऑफिसमधले सहकारी, कॉलेजचे मित्र, परदेशातले नातेवाईक. राहिल्या १४०. म्हणजे साडेतीनशेच्या तयारीने आलेल्या माणसाला प्रत्यक्षात दीडशे छापायच्या असतात. ही बचत कुठल्याही सवलतीतून मिळणारी नाही.

या आकड्यावर साधारण दहा टक्के वाढवून घ्या आणि मग दुकानात विचारा, की कार्डं किती-कितीच्या गठ्ठ्यात येतात. तयार कार्डं बहुतेक ठिकाणी पन्नास किंवा शंभरच्या पटीत मिळतात, आणि छपाईचा दरही बहुधा शंभराच्या टप्प्याने लावतात. १५४ हवी असतील तर दोन घरं व्हॉट्सॲपच्या रकान्यात हलवून आणि वरची संख्या थोडी कमी धरून १५० वर थांबायचं, की सरळ २०० घ्यायची, हे दर विचारून ठरवा. पण "आत्ता शंभर छापू, कमी पडल्या तर नंतर पंचवीस वाढवू" असं मात्र करू नका. स्क्रीन (जिच्यातून शाई कार्डावर उतरते ती जाळीची चौकट) तयार करणं, रंग कालवणं, कार्डं लावून पहिली काही वाया घालवणं आणि शेवटी स्क्रीन धुणं, हा सगळा खर्च पंचवीस कार्डांनाही तितकाच येतो. शिवाय तोवर तेच कार्ड संपलेलं असू शकतं, किंवा पुढच्या गठ्ठ्याच्या रंगात फरक पडतो. पाकिटं मात्र कार्डांपेक्षा दहा-बारा जास्तच घ्या. नावं लिहिताना कार्ड कधी खराब होत नाही, पाकीट होतं.

आता छपाईची पद्धत. गणपती, कलश, तोरण आधीच सोनेरी उठावात असलेलं तयार कार्ड घेऊन त्यावर फक्त मजकूर छापायचा असेल तर ते काम स्क्रीन प्रिंटिंगचं. यात प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून एकाच रंगात छापा. गडद मरून किंवा तपकिरी रंग क्रीम कार्डावर उत्तम उठतो. नावं सोनेरी आणि बाकीचा मजकूर मरून, असं म्हटलं की स्क्रीन दोन आणि छपाईच्या फेऱ्याही दोन. स्वतःचं डिझाइन पूर्ण रंगात हवं असेल आणि संख्या दोन-तीनशेच्या आत असेल तर डिजिटल प्रिंट परवडतं. त्यात प्लेट, म्हणजे छपाईचा पत्रा, नसते, पैसे शीटवर मोजतात. ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेटा आणि यंत्र लावताना वाया जाणारा कागद, हा खर्च आधीच होतो. तो हजाराच्या आसपास संख्या गेली की वसूल होतो, शंभर-दोनशेत नाही. गावाकडे भावकी आणि पंचक्रोशी धरून हजार-दीड हजार पत्रिका लागतात, तिथे ऑफसेटच स्वस्त.

डिजिटलमध्ये सगळ्यात मोठी बचत मापात आहे आणि ती ग्राहकाला कोणी सहसा सांगत नाही. बऱ्याच डिजिटल यंत्रांवर १३ × १९ इंचाची शीट चालते. ५ × ७ इंचाचं कार्ड घेतलं, कटिंगसाठी प्रत्येक कडेला एका सुताच्या हिशोबाने, म्हणजे इंचाचा आठवा भाग जास्तीचा धरला, तर एका शीटवर चार कार्डं बसतात. तेच कार्ड ४ × ६ केलं तर आठ बसतात. दोन्ही कार्डं हातात घेतली तर फरक एकेका इंचाचा, पण शीटचा खर्च निम्मा. १६० कार्डांना एकीकडे ४० शीट लागतात, दुसरीकडे २०. म्हणून डिझाइन करून घेण्याआधी छपाईवाल्याला दोन प्रश्न विचारा: तुमची शीट कुठल्या मापाची, आणि या मापाची किती कार्डं तिच्यावर बसतात? शीट १२ × १८ ची असेल तर हे गणित बदलतं. आधी सुंदर डिझाइन करून मग माप विचारणाऱ्यांना एक तर जास्त पैसे मोजावे लागतात किंवा डिझाइन पुन्हा मांडून घ्यावं लागतं.

कागद ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आर्ट कार्ड घेतला की एकेरी कार्डाला पुरेसा ताठपणा येतो. दुमडीचं कार्ड हवं असेल तर घडीच्या जागी क्रीजिंग, म्हणजे दाबून घडीची रेघ पाडणं, झालंच पाहिजे. डिजिटल यंत्राची शाई म्हणजे टोनर कागदाच्या वर बसलेला असतो, आत मुरलेला नसतो. क्रीजिंगशिवाय घडी घातली की गडद रंगावर पांढरी भेग दिसते. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचं कार्ड बहुधा मरून किंवा निळ्या पार्श्वभूमीचं असतं. घडीच्या रेषेवर गडद रंग येणारच नाही असं डिझाइन ठेवणं हा बिनखर्चाचा उपाय. चमकदार मेटॅलिक कागदावर टोनर कधी कधी नीट धरत नाही, नखाने निघतो. अशा कागदाचा हट्ट असेल तर एक नमुना छापून, घडी घालून, नख फिरवून बघा आणि मगच ऑर्डर द्या. लॅमिनेशन पत्रिकेला लागत नाही. उलट लॅमिनेशन केलेल्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावलं की ते धरत नाही, ओघळतं आणि पाकिटाला आतून डाग पडतो.

हळदीकुंकवाचं सांगायचं तर, घरच्या इंकजेट प्रिंटरवर पत्रिका छापायचा विचार याच कारणाने सोडून द्यावा. त्या शाईला पाणी लागलं की बऱ्याचदा ती पसरते. ओल्या हळदीचं बोट कोपऱ्यावर टेकलं आणि तिथे वेलबुट्टी असली तर सगळा कोपरा निळसर होतो. शिवाय पूर्ण रंगातल्या कार्डांना लागणारी शाई मोजली तर घरची छपाई दुकानापेक्षा महाग पडू शकते. हळद घट्टसर कालवा, कोरा कोपरा निवडा, आणि वाळल्याशिवाय कार्ड पाकिटात घालू नका.

सोनेरी फॉइल हवंच असेल तर फक्त वधू-वरांच्या नावांपुरतं ठेवा. फॉइलला धातूचा ब्लॉक करावा लागतो आणि त्याची किंमत क्षेत्रफळावर ठरते. सगळा मजकूर फॉइलमध्ये घेतला तर खर्च वाढतोच, वर वाचताही येत नाही. देवनागरीतली जोडाक्षरं बारीक असतात. "ज्येष्ठ" मधला ष्ठ किंवा "शुद्ध" मधला द्ध लहान टाइपात फॉइलने भरून जातो आणि नुसता ठिपका दिसतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं ठेवली तरी असंच होतं, कडेची शाई आत सरकते. साध्या कार्डावर ठळक, मोठा टाइप यापेक्षा कितीतरी देखणा दिसतो, आणि घरातल्या आजी-आजोबांना चष्म्याशिवायही वाचता येतो.

खरेदी कुठे करायची? मुंबईत गिरगावातला खाडिलकर रोड पत्रिकांसाठी प्रसिद्ध आहे, पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि आजूबाजूच्या पेठा. मोठ्या बाजारात जाण्याचा खरा फायदा दरापेक्षा निवडीत आणि उरलेल्या मालात असतो. हंगाम संपला की मागच्या वर्षीच्या नमुन्यांचे अर्धेमुर्धे गठ्ठे कमी भावात निघतात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, त्या वेळी आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये छपाईवाल्यांकडे रांग असते. चातुर्मासात तीच माणसं वेळ देऊन नमुने दाखवतात आणि भावातही सैल पडतात. मुहूर्त पक्का नसला तरी कोरी कार्डं आणि पाकिटं घेऊन ठेवता येतात. मजकूर नंतर छापता येतो. घेताना गठ्ठा सोडून मोजा, कार्डाची आणि पाकिटाची छटा उजेडात पाहा. आणि दर विचारताना एक आकडा ऐकून थांबू नका. कार्ड, छपाई, कंपोज (मजकूर जुळवणं), पाकिटावरची छपाई आणि जीएसटी, हे सगळं धरून एका पत्रिकेला किती, असं विचारा. अठरा रुपयांचं कार्ड बारा रुपयांच्या कार्डापेक्षा अखेरीस स्वस्त पडल्याची उदाहरणं आमच्याकडे नेहमी दिसतात, कारण बारावाल्याच्या सोबत पाकीट नसतं.

मजकुराकडे येऊ. मराठी पत्रिकेचा साचा ठरलेला आहे: वर गणपती आणि कुलदैवत, मग स. न. वि. वि., चि. आणि चि. सौ. कां., मिती, मुहूर्त, विवाहस्थळ, निमंत्रक. जागा खातात ती नावं. शुभाशीर्वाद, प्रमुख उपस्थिती, व्यवस्थापक, कार्यवाहक, "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" म्हणणारी बच्चेकंपनी. कोणाचंही नाव गाळा असं आम्ही सांगणार नाही, ज्या घरात ते मानाचं असतं तिथे ते हवंच. पण नावांसाठी दुसरा कागद घालण्याऐवजी कार्डाची मागची बाजू वापरा. साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, स्वागत समारंभ यांसाठी वेगवेगळे इनसर्ट, म्हणजे पाकिटातले सुटे कागद, केले जातात, तिथेही तेच. मागे चार ओळींत तारीख, वेळ, ठिकाण मावतं. एका इनसर्टचा कागद, छपाई, कटिंग आणि पाकिटात भरण्याची मेहनत, हे सगळं वाचतं. हळदीला मोजकीच घरं बोलवायची असतील तर त्यांना ते फोनवर सांगा.

दोन्हीकडची मंडळी तयार असतील तर कार्ड एकत्र खरेदी करा. वधूपक्षाच्या आणि वरपक्षाच्या पत्रिकेत निमंत्रक आणि सुरुवातीची वाक्यं वेगळी असतात, बाकी मांडणी तीच राहते. डिजिटलमध्ये या बदलाला जवळपास काहीच पडत नाही. स्क्रीनमध्ये एक स्क्रीन वाढते, पण कार्डाच्या दरात एकत्र संख्येचा फायदा मिळतो.

प्रूफ हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि घाईत तोच उरकला जातो. मजकूर मोबाईलवर युनिकोडमध्ये टाइप होऊन येतो. डीटीपीवाला तो श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतो. या बदलात रफार सरकतो, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला लागते, ऱ्य तुटतो, कधी एखादं अक्षर गळूनच जातं. तुम्ही पाठवलेला मजकूर बरोबर होता म्हणून छापलेला बरोबर असेलच असं नाही. प्रूफ कागदावर, खऱ्या मापात छापून घ्या. मोबाईलवर मोठं करून पाहिलेलं प्रूफ फसवतं. तीन माणसांनी वाचावं: एक वधूकडचा, एक वराकडचा, आणि एक अशी वडीलधारी व्यक्ती जिला सगळ्यांची पूर्ण नावं आणि नाती पाठ आहेत. "आत्या, फक्त नावं बघा" असं म्हणून कागद हातात दिला की त्या ज्या चुका काढतात त्या दुसऱ्या कोणाला दिसत नाहीत. कै. कोणापुढे लागतं, ज्येष्ठ कोण, कनिष्ठ कोण, हे त्यांना माहीत असतं.

नेहमी सापडणाऱ्या चुका सांगतो. "ज्येष्ठ" चं "जेष्ठ", "आशीर्वाद" चं "आर्शिवाद", "वधू" चं "वधु". तारीख आणि वार जुळत नाहीत, कारण जुन्या फाइलीत फक्त तारीख बदलली आणि वार तसाच राहिला. दुपारी १२ नंतरचा मुहूर्त "सकाळी" खाली छापला जातो. शके चुकतो, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये. गुढीपाडव्याला शक बदलतो. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला, म्हणजे १८ मार्चपर्यंत शके १९४७ आणि १९ पासून १९४८. त्याच वर्षी ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. त्यानंतरच्या ज्येष्ठाच्या मितीत "निज ज्येष्ठ" लिहावं लागतं. मिती स्वतः न जुळवता पंचांगातून किंवा गुरुजींकडून लिहून घ्या. कार्यालयाचं नाव पाटीवर आहे तसंच घ्या आणि जवळची खूण द्या, कारण एकाच शहरात एकाच नावाची दोन कार्यालयं असतात. सगळं तपासून प्रूफवर सही झाली, की नंतरच्या चुकीची छपाई ग्राहकाच्या खर्चाने होते. दीडशे पत्रिका पुन्हा छापण्याइतका मोठा फटका या कामात दुसरा नाही.

स्क्रीनची पत्रिका छापल्यावर लगेच गठ्ठ्यात रचायची नसते. शाई ओली असताना एकावर एक ठेवली तर वरच्या कार्डाच्या पाठीवर खालच्याचा मजकूर उमटतो. पावसाळ्यात वाळायला आणखी वेळ लागतो. "आजच संध्याकाळी द्या" असा धोशा लावला की नेमकं हेच होतं, म्हणून छपाईला एक रात्र तरी मोकळी द्या.

नकाशासाठी क्यूआर कोड हल्ली सगळेच घालतात आणि त्याने एक इनसर्ट खरंच वाचतो. पण तो निदान दोन सेंटिमीटरचा असावा, पांढऱ्या जागेवर गडद छापलेला असावा आणि भोवती कोरी जागा असावी. सोनेरी रंगातला कोड अनेक फोनना वाचता येत नाही. काही संकेतस्थळं फुकट कोड देतात, पण तो त्यांच्या दुव्यावरून फिरून जातो आणि मुदत संपली की बंद पडतो. लग्नाच्या आठवड्यात पाहुणे रस्त्यावर अडकतात. नकाशाचा दुवा थेट ज्यात बसवलेला आहे असाच कोड करा, आणि तो छापील प्रूफवरून दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर तपासा.

पाकीट साध्या मापाचं, फिकट रंगाचं घ्या. गडद पाकिटावर पेनाने नाव दिसत नाही, मग पांढरी लेबलं आणावी लागतात. बाहेरगावी पाठवायच्या पत्रिकांचं वजन आधी करा. ए-५ मापाचं ३०० जीएसएमचं एक कार्ड साधारण ९ ग्रॅम भरतं, पाकीट सात-आठ ग्रॅम. १३० जीएसएमचे दोन इनसर्ट घातले की आणखी आठ. टपालाचा दर वजनाच्या टप्प्याने चढतो, म्हणून पहिली भरलेली पत्रिका टपाल कार्यालयातल्या काट्यावर ठेवा आणि मगच बाकीची भरा. अक्षता पाकिटात सुट्या घालू नका, त्या कोपऱ्यात जमतात आणि पाकीट फाटतं. लहान चपट्या पुडीत घाला. एकाच गावातल्या आठ-दहा पत्रिका एका कुरिअरने तिथल्या भरवशाच्या नातेवाइकाकडे पाठवून त्यांच्याकडून वाटून घेणं सगळ्यात स्वस्त, आणि घरी जाऊन दिल्याचा मानही राहतो.

व्हॉट्सॲपची पत्रिका वेगळी मांडून घ्या. छापील कार्डाचा फोटो काढून पाठवला तर अक्षरं वाचता येत नाहीत. उभ्या स्क्रीनच्या मापात, मोठ्या टाइपात एक चित्र आणि सोबत पीडीएफ पुरेशी आहे. डीटीपीवाल्याला छपाईच्या कामासोबतच सांगितलं तर बहुतेक जण थोडक्यात करून देतात. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल) पाठवून फोनचा ताबा घेण्याचे प्रकार २०२४ च्या अखेरीपासून गाजले आहेत, त्यामुळे लोक अनोळखी नंबरवरून आलेली पत्रिका उघडायला घाबरतात, आणि तेच योग्य आहे. स्वतःच्या नंबरवरून, आधी दोन ओळी लिहून, मग चित्र पाठवा. परदेशातल्या नातेवाइकांना रजेसाठी किंवा व्हिसासाठी पत्रिका लागू शकते. त्यांच्यासाठी इंग्रजी मजकुराची एक पानी पीडीएफ करून ठेवा, ती छापायची गरज नाही.

बाकीच्या छपाईत मंगलाष्टकांचं पत्रक ए-४ कागद मधोमध दुमडून, एका रंगात काढलं तरी छान दिसतं. पुस्तिका करायची तर पानं चारच्या पटीत ठेवा, नाहीतर कोऱ्या पानांचे पैसे जातात. दारावरच्या स्वागत फलकावर तारीख न टाकता फक्त नावं टाकली तर तोच फलक हळदीला, लग्नाला आणि स्वागत समारंभाला चालतो.

सगळ्या पत्रिका वाटून झाल्या तरी पाच-सहा कोऱ्या, हळदीकुंकू न लावलेल्या पत्रिका कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. महाराष्ट्रात विवाह नोंदणीच्या वेळी इतर कागदपत्रांसोबत लग्नपत्रिका मागतात. म्हणून वधू-वरांची नावं लाडाची न छापता आधार कार्डावर आहेत तशी पूर्ण छापलेली असावीत, वधूचं माहेरचं नाव असावं, आणि तारीख व ठिकाण स्पष्ट असावं. फक्त व्हॉट्सॲपवर निमंत्रण करणाऱ्यांनीही त्याच मजकुराच्या चार प्रती साध्या कार्डावर छापून घ्याव्यात. डिजिटलवर त्या एका शीटमध्ये निघतात.